बोट घ्यायचीय? आधी पाणी बघा!

शुक्रवार संध्याकाळ. कॉम्प्युटर बंद केला की प्रश्न ठरलेला : वीकेंडला काय? मॉल, मल्टिप्लेक्स, लोणावळा... बास झालं राव! यंदाच्या बोनसमधून मी बोट घ्यायचं ठरवलं. छोटीशी, केबिनवाली. पुण्याहून गाडीमागे ट्रेलरवर ओढत गावी, शिरपूरला न्यायची, सावळद्याच्या पुलाजवळ तापीत सोडायची आणि रात्री पाण्यावरच ताणून द्यायची!

शॉर्टलिस्टमध्ये दोन अमेरिकन मॉडेल्स होती. 'सी-डोरी २२' : मागे आऊटबोर्ड इंजिन, रिकामी बोट जेमतेम टनभर, तळ जवळपास सपाट. उथळ पाण्यात मस्त, पण लाटा आल्या की आदळते. दुसरी 'रेंजर टग आर-२१' : आत डिझेल इंजिन, दिसायला एकदम क्यूट. पण अंगाने जड, आणि पंखा तळाखाली. आऊटबोर्डसारखा वर उचलता येत नाही. वेगही बेताचाच. पाणी कापत जाणाऱ्या २० फुटी बोटीला ताशी ११ किलोमीटरच्या पुढे रेटणं म्हणजे नुसतं डिझेल जाळणं.

माझी एक्सेल शीट बघून बाबा अहिराणीत एवढंच म्हणाले, ''पहिले पानी देख, मंग बोट!''

गेलो काठावर. बॅरेजचे दरवाजे बंद असले की तापी तुडुंब. पावसाळ्यात उघडले की तीच गढूळ आणि बेफाम. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला गाळच गाळ. त्यात ट्रेलरचं चाक रुतलं तर बाहेर काढायला ट्रॅक्टरच हवा. २०१६च्या कायद्याने तापी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० झाली खरी, पण वाटेत सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी बॅरेजेस आडवी. म्हणजे लांबच्या सफरीचं स्वप्न दोन बॅरेजच्या मधल्या पाण्याएवढंच!

वर कागदपत्रं. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार इंजिनवाल्या बोटीला सर्वेक्षण आणि नोंदणी, ट्रेलरला आरटीओची नोंदणी वेगळी.

कागदावर सी-डोरीच जिंकली, पण या काठावर तीही जास्तच झाली. आता शोधतोय १४ फुटी उघडी फायबर बोट, इंजिन वर उचलता येणारं, चौघांनी ढकलली तर हलेल अशी. झोपायला काठावर तंबू आहेच.

तुम्हीही बोट बघताय? मग कॅटलॉग उघडण्याआधी एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये काठावर जाऊन या. बोनस वाचेल, बॉस!