कुंपणाच्या एकाच बाजूचे निरीक्षक

ऑगस्ट २००८ मध्ये रशिया आणि जॉर्जिया यांच्यात पाच दिवसांचे युद्ध झाले. वाद दक्षिण ओसेतिया आणि अबखाझिया या दोन प्रदेशांचा होता. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हाच्या लढायांत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस, हे प्रदेश जॉर्जियाच्या हातून निसटले होते. कायद्याने मात्र ते जॉर्जियाचेच मानले जात. युरोपीय संघाने नेमलेल्या चौकशी समितीने २००९ मध्ये दिलेल्या अहवालात दोघांनाही दोष दिला: दक्षिण ओसेतियातील त्स्खिनवाली शहरावर तोफा डागून युद्धाला तोंड जॉर्जियाने फोडले आणि रशियाचे प्रत्युत्तर स्वसंरक्षणाच्या मर्यादेपलीकडे गेले.

युरोपीय संघाचे अध्यक्षपद त्या सहामाहीत फ्रान्सकडे होते. राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी १२ ऑगस्टला मॉस्को आणि तिबिलिसी गाठून सहा कलमांचा युद्धविराम पदरात पाडून घेतला. घाई मसुद्यात उतरली. पाचव्या कलमानुसार रशियन फौजांनी युद्धापूर्वीच्या ठिकाणी परतायचे होते. पण आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहीपर्यंत ‘अतिरिक्त सुरक्षा उपाय’ योजण्याची मुभाही त्यांना होती. हे उपाय कोणते आणि कुठवर, याचा उल्लेख नाही. त्याच मुभेवर बोट ठेवून रशियाने दक्षिण ओसेतियाच्या बाहेर, जॉर्जियाच्या गावांजवळ चौक्या बसवल्या. त्या उठवण्यासाठी ८ सप्टेंबरला पुन्हा वाटाघाटी कराव्या लागल्या. युरोपीय संघाने १ ऑक्टोबरपर्यंत किमान २०० निरीक्षक पाठवायचे आणि त्यानंतर दहा दिवसांत रशियाने या पट्ट्यातून माघार घ्यायची, असे ठरले. दोन्ही गोष्टी झाल्या.

पण मधल्या काळात, २६ ऑगस्टला, रशियाने दोन्ही प्रदेशांना स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता दिली होती. आता तिथले सैन्य त्या ‘राष्ट्रां’शी झालेल्या करारानुसार आहे, त्याला पाचवे कलम लागू नाही, अशी भूमिका मॉस्कोने घेतली. युद्धापूर्वी जॉर्जियाच्या ताब्यात असलेला अखालगोरीचा भागही मग रशियन फौजेच्या हाती राहिला. फ्रान्स आणि युरोपीय संघ याला युद्धविरामाचा भंग म्हणत आले, पण तो कागद मोडला म्हणून कोणाला काही करता येईल अशी तरतूद त्यात नव्हती.

निरीक्षकांची अडचणही इथूनच सुरू होते. युरोपीय संघाचे हे पथक निःशस्त्र आहे. मुख्यालय तिबिलिसीत आणि क्षेत्रीय कार्यालये गोरी, म्त्सखेता व झुगदिदी इथे. कार्यकक्षा कागदोपत्री संपूर्ण जॉर्जियाची. प्रत्यक्षात दक्षिण ओसेतिया आणि अबखाझियात त्यांना प्रवेश नाही. जॉर्जियाच्या संरक्षण मंत्रालयाने जानेवारी २००९ मध्ये पथकाशी करार करून सीमेजवळच्या आपल्या फौजेवर बंधने मान्य केली. पलीकडच्या फौजेबाबत तसा करार नाही. म्हणजे ज्याने तपासणीला मान्यता दिली त्याचीच तपासणी होते! काश्मीरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांची स्थिती काहीशी अशीच आहे: सिमला करारानंतर त्यांचे काम संपले असे भारत मानतो, त्यांच्याकडे तक्रार नेत नाही आणि निरीक्षक तरीही तिथे आहेत.

जॉर्जियात याआधी दोन पथके होती. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे पथक १९९२ पासून होते. त्याच्या मुदतवाढीवर एकमत न झाल्याने २००९ मध्ये त्याचा गाशा गुंडाळावा लागला. अबखाझियातील संयुक्त राष्ट्रांचे पथक १९९३ चे. त्याची मुदत जून २००९ मध्ये सुरक्षा परिषदेत रशियाच्या नकाराधिकारामुळे संपली. उरले ते युरोपीय पथक, कारण त्याच्या मुदतीला रशियाच्या संमतीची गरज नव्हती.

निरीक्षकांचे रोजचे काम नाट्यमय नाही. गस्त घालायची, नोंदी ठेवायच्या, गावकऱ्यांशी बोलायचे. पुढे रशियन फौजांनी हद्दीवर तारेची कुंपणे आणि पाट्या लावायला सुरुवात केली, तेव्हा कुंपण कुठे सरकले हे टिपणे हाच कामाचा मोठा भाग झाला. काही गावे मधोमध कापली गेली. शेत एकीकडे, घर दुसरीकडे. हद्द ओलांडली म्हणून अडकवलेल्या माणसांना सोडवण्यासाठी दोन्ही बाजूंना जोडणारी हॉटलाइन पथकच चालवते. एर्गनेती गावात स्थानिक घटनांवर बैठका होतात आणि चर्चा पाण्याच्या, गुरांच्या, अटकेतल्या माणसांच्या मुद्द्यांवर चालते. अबखाझियासाठी गालीत अशाच बैठका होत्या. त्या २०१२ मध्ये खंडित झाल्या, २०१६ मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या.

राजकीय बोलणी जिनिव्हात ऑक्टोबर २००८ पासून चालू आहेत. युरोपीय संघ, संयुक्त राष्ट्रे आणि सुरक्षा व सहकार्य संघटना हे त्यांचे सह-अध्यक्ष. जॉर्जिया, रशिया, अमेरिका आणि दोन्ही प्रदेशांचे प्रतिनिधी येतात. पण कोणी कोणाला मान्यता दिली असा अर्थ निघू नये म्हणून कार्यगटांत सगळे वैयक्तिक नात्याने बसतात. बळाचा वापर न करण्याच्या जाहीरनाम्यावर एकमत होत नाही, कारण रशिया स्वतःला या वादातला पक्ष मानत नाही. दोन्ही प्रदेशांतून विस्थापित झालेल्यांच्या परतीचा विषय निघाला की रशिया, अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियाचे प्रतिनिधी उठून जातात. पुढच्या फेरीला मात्र ते परत येतात.