अर्ध्या तासाचा पाठ, ब्याण्णव तासांचा हिशेब

खांब (ता. रोहा) : मुंबई-गोवा महामार्गावर नागोठण्याहून कोलाडकडे जाताना खांब लागते. या पट्ट्यातील गावांचा रोजगार नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत यांच्याशी मोठ्या प्रमाणावर जोडलेला आहे. रसायनांच्या कारखान्यात कामाला लागण्यापूर्वी सुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. हे प्रशिक्षण संगणकाच्या पडद्यावरून, म्हणजे ई-लर्निंगद्वारे देण्याकडे उद्योगांचा कल वाढला आहे. मात्र असा अभ्यासक्रम तयार करण्यास किती माणसे व किती तास लागतील, याचा अंदाज बांधताना बहुतेकांची गल्लत होते. पडद्यावर अर्धा तास चालणारा पाठ आठवडाभरात उरकेल, असे गृहीत धरले जाते.

ही गल्लत केवळ अंदाजपत्रकापुरती राहत नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि सुरक्षेचे प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क ठरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असून प्रशिक्षणाची जबाबदारी मालकावर कायम आहे. घाईत उरकलेला अभ्यासक्रम कागदोपत्री ही जबाबदारी पार पाडतो. कामगार ‘पुढे, पुढे’ असे बटण दाबत शेवटच्या पानावर पोहोचतो व प्रमाणपत्र छापून निघते. गॅसगळती झाल्यावर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला जायचे, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

तासामागे किती तास?

अमेरिकेतील चॅपमन अलायन्स या संस्थेने २०१० मध्ये केलेल्या पाहणीचे आकडे या क्षेत्रात आजही उद्धृत केले जातात. वर्गात शिकवण्याच्या एका तासासाठी सरासरी ४३ तासांची तयारी लागते, असे त्या पाहणीत आढळले. मजकूर, चित्रे व प्रश्न एवढेच असलेल्या साध्या ई-लर्निंगच्या एका तासामागे ७९ तास, मध्यम प्रतीच्या संवादात्मक पाठामागे १८४ तास, तर प्रत्यक्ष परिस्थितीचा आभास निर्माण करणाऱ्या पाठामागे ४९० तास खर्ची पडतात. त्यानंतर साधने बरीच बदलली, कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे व आवाजही तयार होऊ लागले. तरीही पाठाची प्रत जितकी वरची, तितका खर्च चढत जातो, हे सूत्र कायम आहे.

समजा, धाटावमधील एखाद्या कारखान्याला गॅसगळतीच्या वेळी करावयाच्या कृतीवर अर्ध्या तासाचा मध्यम प्रतीचा पाठ हवा आहे. वरील सरासरीने ९२ तास होतात. त्यांची ढोबळ वाटणी अशी करता येईल : माहिती गोळा करणे १४ तास, संहिता व स्टोरीबोर्ड २४, चित्रे व छायाचित्रण १८, आवाजाचे ध्वनिमुद्रण ६, संगणकावरील जुळणी १६, तपासणी व दुरुस्त्या १०, समन्वय ४. दिवसाचे प्रत्यक्ष कामाचे सहा तास धरले, तर एका माणसाचे हे जेमतेम सोळा दिवसांचे काम.

पण पाठ सोळा दिवसांत तयार होत नाही. माहिती असते सुरक्षा अधिकाऱ्याजवळ. कामाचे परवाने, पाळ्यांमधील फेऱ्या, आपत्कालीन सराव यांतून त्याला आठवड्याला दोन तास काढता आले, तरी पुष्कळ. संहितेला माहिती पुरवणे व ती दोनदा तपासणे यासाठी त्याचे बारा तास लागणार असतील, तर दिनदर्शिकेवर सहा आठवडे लागलेच. आणखी दोन लेखक नेमून हा काळ घटत नाही. उलट त्यांना विषय समजावून सांगण्यातही त्याच अधिकाऱ्याचे तास जातात. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये संगणक प्रणालींविषयी हेच निरीक्षण नोंदवले होते. त्यामुळे योजना आखताना सर्वप्रथम या अधिकाऱ्याचे तास लेखी स्वरूपात राखून घेणे शहाणपणाचे ठरते. प्रत्यक्षात अंदाजपत्रकात या तासांना रकानाच नसतो.

आवाज झाला की बदल महाग

दुरुस्त्यांचा खर्च टप्प्यागणिक वाढतो. संहितेतील चूक पाच मिनिटांत सुधारते. तीच ध्वनिमुद्रणानंतर लक्षात आली, तर त्याच निवेदकाला पुन्हा बोलवावे लागते आणि चित्रांच्या हालचालींशी आवाज नव्याने जुळवावा लागतो. म्हणून दूरध्वनी क्रमांक, अधिकाऱ्यांची नावे, जमण्याचे ठिकाण यांसारख्या बदलत्या गोष्टी निवेदनात न घालता पडद्यावरच्या मजकुरात ठेवाव्यात.

कंत्राटी कामगारांत हिंदी भाषकही असतात. हिंदी आवृत्तीला दुप्पट खर्च येत नाही; चित्रे तीच राहतात. वरील पाठासाठी भाषांतर, ध्वनिमुद्रण व जुळणी मिळून वीस-बावीस तास धरावेत. मात्र मराठी अक्षरे चित्रातच कोरलेली असतील, तर प्रत्येक चित्र पुन्हा हाताळावे लागते.

आणखी एक खर्च सहसा मोजलाच जात नाही, तो कामगारांच्या वेळेचा. चारशे कामगारांनी प्रत्येकी अर्धा तास दिला, की दोनशे तास झाले, म्हणजे पाठ बनवण्याच्या दुपटीहून अधिक. ज्वलनशील रसायनांच्या विभागात साधा मोबाइल नेता येत नाही. तेव्हा प्रशिक्षण कक्षातील दहा संगणकांवर चाळीस तुकड्या बसवायच्या आणि त्या पाळ्यांच्या वेळापत्रकात बसवायच्या, हेही नियोजनच आहे. पाठ वीस मिनिटांवर आणता आला, तर दोन्हीकडचे तास वाचतात. श्वसनयंत्र चढवणे, अग्निशामक चालवणे या गोष्टी पडद्यावर शिकवण्याचा खटाटोपच करू नये. त्या मैदानातच शिकवाव्या लागतात.

अंदाज एकाच आकड्यात न देता तीन आकड्यांतून काढण्याची रीत अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पापासून रूढ आहे. संहितेला सर्व सुरळीत झाल्यास १६ तास, बहुधा २४ आणि अडचणी आल्यास ४४ तास लागतील असे वाटत असेल, तर मधल्या आकड्याला चारपट वजन देऊन सरासरी येते २६ तास. तरीही माणसाचा कल आशावादी अंदाजाकडेच असतो. डॅनियल काहनेमन व अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की आपण मागच्या कामांचा अनुभव बाजूला ठेवून हातातील योजनेवरच विसंबतो. त्यावरचा उपाय साध्या वहीतही होतो. पहिल्या पाठाला प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्ष किती तास लागले, याची नोंद त्याच दिवशी करावी. दोन-तीन पाठांनंतर कारखान्याचा स्वतःचा आकडा हाती येतो, आणि पुढच्या पाठाचा अंदाज त्यावरूनच बांधावा.