गुडघ्याखाली चार बोटं

गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या अंगाला एक खळगी असते. तिच्यापासून खाली रोग्याचीच चार बोटं आडवी ठेवायची, ती संपतात तिथून नडगीच्या हाडाबाहेर एक बोट सरकायचं. दाबलं की एक दुखरी जागा हाताला लागते. अ‍ॅक्युपंक्चर करणारे डॉक्टर तिथे स्पिरिटचा बोळा फिरवतात, प्लास्टिकची बारीक नळी टेकवतात आणि नळीतून वर डोकावणाऱ्या सुईच्या माथ्यावर बोटानं हलकी टिचकी मारतात. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या, टेबलावर आडव्या झालेल्या बाईंनी डोळे गच्च मिटून घेतलेले असतात. डॉक्टर ‘झालं’ म्हणतात, तेव्हा त्या विचारतात, ‘टोचली का?’

पहिल्यांदा येणाऱ्या बहुतेकांचा हाच प्रश्न असतो, कारण सुई म्हटलं की आपल्याला इंजेक्शन आठवतं. इंजेक्शनची सुई पोकळ असते. ही सुई भरीव असते आणि तिची जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे इंजेक्शनच्या नेहमीच्या सुईच्या निम्म्याहून कमी. तिच्यातून कुठलंही औषध आत जात नाही. नळीची युक्ती सतराव्या शतकातल्या सुगियामा वाइची या जपानी वैद्याच्या नावावर आहे. ते अंध होते. नळीमुळे सुई जागेवर सरळ टेकते, आणि कातडीला टोचण्याची जाणीव होईपर्यंत ती आत गेलेली असते.

खरी जाणीव नंतर येते. डॉक्टर सुई थोडी फिरवतात, किंचित वरखाली करतात आणि विचारतात, काही वाटतंय का? चिनी वैद्यकात या जाणिवेला ‘दे-ची’ म्हणतात आणि तिच्यासाठी चार शब्द सांगतात: आंबटपणा, मुंग्या, फुगल्यासारखा ताण आणि जडपणा. दुखण्याला ‘आंबट’ म्हणणं परक्याला विचित्र वाटेल, मराठी माणसाला वाटणार नाही. दिवसभर राबून ‘अंग आंबून गेलं’ असं आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्या म्हणतात. सुई नीट लागली की पायात तसंच काहीसं आंबल्यासारखं, जड वाटतं. मग सुया वीस ते तीस मिनिटं तशाच ठेवतात. बरेच जण तेवढ्यात चक्क डुलकी घेतात.

गुडघ्याखालच्या या जागेचं चिनी नाव ‘झूसानली’. ‘झू’ म्हणजे पाय, ‘सान’ म्हणजे तीन आणि ‘ली’ हे अंतराचं जुनं माप. इथे उपचार केला की थकलेला वाटसरू आणखी तीन ली चालू शकतो, असा या नावाचा अर्थ लावतात. वारीत चालून पोटऱ्या भरून आलेल्याला तो लगेच पटेल. जपानी कवी बाशो 1689 मध्ये लांबच्या पायी प्रवासाला निघाला, तेव्हा त्यानंही याच जागेवर शेक घेतला होता. हा शेक ‘मोक्सा’चा, म्हणजे एका सुगंधी वनस्पतीची पानं वाळवून, कुटून केलेल्या लोकरीसारख्या चुऱ्याचा. ही वनस्पती जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच कुळातली आहे. सुई आणि हा शेक चीनमध्ये जोडीनंच वाढले. चिनी भाषेत या उपचाराचं नावच ‘सुई आणि शेक’ असं जोडनाव आहे.

सुई कुठे टोचायची याचा हिशोब दोन हजार वर्षांत हळूहळू पक्का होत गेला. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरावीक वाहिन्यांतून फिरते आणि ती अडली की दुखणं उपजतं, अशी मूळ कल्पना. मुख्य वाहिन्या चौदा आणि त्यांवर 361 बिंदू. अंतर मोजण्याचं माप रोग्याच्याच अंगठ्याची रुंदी. आयुर्वेदातही रोग्याच्या स्वतःच्या अंगुळांनी शरीर मोजतात, त्यामुळे आपल्याला हे माप ओळखीचं वाटतं. मात्र सुश्रुतानं सांगितलेली 107 मर्मं आणि हे बिंदू एकच, असं जे सर्रास सांगितलं जातं ते मान्य करता येत नाही. मर्म म्हणजे जिथे घाव बसला तर जिवावर बेतेल, शल्यकर्म करताना जपायची जागा. सुईचा बिंदू मुद्दाम टोचण्यासाठी असतो.

चीनच्या सोंग राजवटीत 1027 च्या सुमारास वांग वेईयी या वैद्यानं पुरुषभर उंचीचे काशाचे पुतळे घडवून घेतले. त्यांच्या अंगावर बिंदूंच्या जागी भोकं होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा थर देत आणि आत पाणी भरत, असं वर्णन आहे. विद्यार्थ्यानं नेमका बिंदू साधला तर सुईच्या जागेतून पाणी ठिबके. हीच विद्या 1822 मध्ये चीनच्या सम्राटानं राजवैद्यकाच्या शाळेतून काढून टाकली होती. गेल्या शतकाच्या मध्यावर तिथल्या नव्या सरकारनं तिला पुन्हा दवाखान्यांत आणलं.

भारतात ती आली त्या वाटेवर सोलापूर लागतं. जपाननं चीनवर हल्ला केल्यावर 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मदतीला गेलं. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर त्यात होते. कोटणीस 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. व्ही. शांतारामांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटामुळे ते घरोघरी पोचले. त्यांच्या नावाची अ‍ॅक्युपंक्चर केंद्रं देशात आहेत, म्हणून ही विद्या त्यांनीच आणली असा अनेकांचा समज असतो. कोटणीस शल्यचिकित्सक होते. त्यांचे दिवस जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करण्यात गेले. सुया भारतात आणल्या त्या पथकातले त्यांचे सोबती, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांनी. पन्नासच्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, विद्या शिकले आणि 1959 पासून कलकत्त्यात उपचार करू लागले. पुढच्या पिढीतल्या डॉक्टरांना त्यांनीच तयार केलं. मित्राचं नाव आपल्या कामाला लागावं, यात त्यांना आनंदच वाटला असणार.

आता मुख्य प्रश्नाकडे. गुडघा, कंबर, मान, आखडलेला खांदा, टाच, अर्धशिशी, पाळीतल्या कळा, मळमळ, न लागणारी झोप अशा तक्रारी घेऊन माणसं इथे येतात. बहुतेकांचं एक्स-रे, गोळ्या, मलम, शेक असं सगळं करून झालेलं असतं. त्यांना सुईनं खरोखर बरं वाटतं का?

या प्रश्नाचा मोठा तपास जर्मनीत झाला. जुनाट कंबरदुखीच्या 1162 रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला चिनी शास्त्राप्रमाणे सुया. दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडे, वरवर टोचलेल्या सुया, पण रुग्णाला ते न कळता. तिसऱ्याला गोळ्या, व्यायाम, फिजिओथेरपी असा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी पाहिलं, तेव्हा नेहमीच्या उपचारानं 27.4 टक्के लोकांना चांगला आराम पडला होता. शास्त्रोक्त सुयांनी 47.6 टक्के. आणि भलतीकडे टोचलेल्या सुयांनी 44.2 टक्के!

2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आकड्यांवर अजून वाद चालतो. सुईचे समर्थक म्हणतात, गोळ्याव्यायामापेक्षा सुया कितीतरी सरस ठरल्या. विरोधक म्हणतात, सुई कुठेही टोचा, फरक पडत नाही, म्हणजे वाहिन्यांचं सगळं शास्त्र कोसळलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि रुग्णानं दोघांचंही ऐकावं. नेहमीच्या उपचारांना न जुमानलेली कंबर सुयांनी हलकी झाली, हे त्या माणसाच्या दृष्टीनं लहान नाही. पण त्या गुणात अचूक बिंदूचा वाटा किती आणि अर्धा तास शांत पडून राहण्याचा, आपुलकीनं विचारपूस होण्याचा, बरं वाटेल या भरवशाचा वाटा किती, हा प्रश्न टाळून चालत नाही. जगभरच्या 39 चाचण्यांमधल्या 20,827 रुग्णांची माहिती 2018 मध्ये एकत्र तपासली गेली. पाठ, मान, खांदा, गुडघा आणि डोकं यांच्या जुनाट दुखण्यात खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा थोड्या सरस निघाल्या. बिंदूला काही अर्थ आहे, पण समर्थक सांगतात तेवढा नाही.

सरकारांनीही याचे वेगवेगळे अर्थ काढले. जर्मनीत कंबर आणि गुडघ्यासाठी सुयांचा खर्च आरोग्यविमा देऊ लागला. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात 2020 पासून जुनाट कंबरदुखीसाठी नव्वद दिवसांत बारा बैठका मिळतात. ब्रिटनमधली आरोग्य मार्गदर्शन संस्था अर्धशिशी टाळण्यासाठी पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा बैठका सुचवते. गुडघ्याच्या झिजेसाठी मात्र सुया देऊ नका, असं तिनं 2022 मध्ये स्पष्ट सांगितलं. म्हणजे आपल्या टेबलावरच्या बाईंना जर्मनीत सुया मिळतील, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यात बहुधा व्यायाम आणि वजन कमी करण्याचा सल्ला मिळेल. त्यांनी सुयांबरोबर मांडीच्या स्नायूंचा व्यायामही करावा. झिजलेली कुर्चा सुईनं परत येत नाही. दुखणं कमी झालं की चालणं-बसणं सोपं होतं, व्यायाम झेपू लागतो, हा सुईचा खरा उपयोग.

दुखणं कमी कसं होतं, याचाही एक धागा हाती आलेला आहे. 1977 मध्ये अमेरिकेत डेव्हिड मेयर आणि सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांच्या दातांना विजेचे हलके झटके दिले आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातल्या ‘हेगू’ या बिंदूवर सुई लावली. दाताची वेदना बोथट झाली. मग अफूचा परिणाम उलटवणारं नालोक्सोन टोचलं, तेव्हा वेदना परतली. सुईमुळे मेंदू स्वतःची अफूसारखी द्रव्यं, म्हणजे एंडॉर्फिन, सोडत असावा असा त्यांनी निष्कर्ष काढला. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका स्वच्छ निकाल आला नाही, पण दिशा तीच राहिली.

सगळ्यांत भक्कम पुरावा मळमळीचा आहे, आणि त्याची चर्चा मात्र सगळ्यांत कमी होते. मनगटाच्या घडीपासून आपलीच तीन बोटं वर, मधल्या दोन कंडरांच्या बरोबर मध्ये ‘नेईग्वान’ बिंदू असतो. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी 1980 च्या दशकात शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर त्याचा उपयोग तपासायला सुरुवात केली. 2015 पर्यंत अशा 59 चाचण्यांमध्ये 7667 रुग्ण पाहून झाले होते. या बिंदूला उत्तेजना दिल्यावर मळमळ आणि उलट्या दोन्ही कमी झाल्या, जवळपास औषधांइतक्याच. इथे सुईचीही गरज पडेलच असं नाही, अंगठ्यानं दाबूनही काम भागू शकतं. घाटात गाडी लागणाऱ्यांनी वळणं सुरू होण्याआधी दोन्ही मनगटांवर करून पाहावं.

झोप, पचन, पाळीच्या तक्रारी यांत काहींना गुण येतो, पण पुरावा इतका पक्का नाही. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड ‘मुळापासून बरं करतो, गोळ्या बंद करा’ असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ उठून यावं. छातीत दुखणं, अचानक एका बाजूची शक्ती जाणं, तापाबरोबर सुजलेला सांधा, कारणाशिवाय घटणारं वजन यांची जागा सुईच्या टेबलावर नाही. तिथे गेलेला प्रत्येक दिवस वाया जातो आणि कधी कधी तो परत मिळत नाही.

जाणकाराच्या हातात सुई सुरक्षित असते. जर्मनीत 97,733 रुग्णांची नोंद ठेवली गेली, त्यात गंभीर प्रसंग सहाच होते. मात्र त्यांतले दोन फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरल्याचे होते. छाती आणि खांद्यावर सुई किती खोल जावी, हे शरीररचना न शिकलेल्याला कळणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, पेसमेकर, पायाची जखम हे सगळं आधीच सांगावं. रिकाम्या पोटी जाऊ नये, घेरी येते.

भारत सरकारनं 2003 मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला उपचाराचा प्रकार म्हणून मान्यता दिली आणि 2019 मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून. पश्चिम बंगालनं 1996 मध्ये कायदा केला. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा 2015 चा आहे आणि त्यानुसार राज्याची अ‍ॅक्युपंक्चर परिषदही आहे. त्यामुळे दवाखान्यात शिरताना नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं आणि किती बैठकांनंतर थांबायचं हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं. पाच-सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर पुढे पैसे घालण्यात अर्थ नाही.

अर्धा तास होतो. डॉक्टर बाईंच्या गुडघ्याभोवतीच्या सुया एकेक काढतात, प्रत्येक जागी क्षणभर कापूस दाबतात. घालताना मोजलेल्या सुया काढताना पुन्हा मोजतात. घातल्या आठ, निघाल्या आठ. त्या टणक प्लास्टिकच्या डब्यात टाकल्याचा बारीक आवाज होतो. बाई उठून बसतात, पाय टेबलाखाली सोडतात, गुडघा दोनदा वाकवून बघतात आणि चपला शोधू लागतात.