गाडीतला बेस बसलाय? वूफर बदलण्याआधी एवढं तपासा

सातारा/सांगली : कराड, इस्लामपूर, विटा, तासगाव कुठल्याही गावच्या स्टँडजवळ कार ॲक्सेसरीजचं दुकान गाठा, 'बेस वाजंना' ही तक्रार घेऊन कोणीतरी उभा असतोच. बहुतेक वेळा उत्तरही ठरलेलं असतं, "भाऊ, वूफर गेलाय, नवा टाका." दोन-चार हजारांची नोट सुटते, नवा वूफर बसतो आणि महिन्याभरात परत तेच रडगाणं सुरू होतं. कारण बिघाड वूफरमध्ये नसतोच. तो अर्थिंगच्या नटाखाली, टेपच्या सेटिंगमध्ये नाहीतर उलट्या जोडलेल्या वायरीत असतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अँपची ताकद निम्म्यावर आली तरी कानाला आवाज निम्मा वाटत नाही, थोडासाच कमी वाटतो. आवाज निम्मा वाटायला ताकद जवळपास दहावा हिस्सा व्हावी लागते. म्हणून बेस नेमका कसा गेला, यावरून बिघाड कुठे आहे ते बरंचसं कळतं. हळू आवाजातसुद्धा बेस पार नाहीसा झाला असेल, तर बॅटरीला दोष देऊन उपयोग नाही. सेटिंग किंवा जोडणी चुकलेली असते. हळू वाजवताना ठीक आणि आवाज वाढवला, हेडलाइट लावले की बेस बसतो, असं असेल तर करंट पोचत नाही.

पहिला प्रकार फुकटात सुटणारा आहे. बॅटरी बदलली किंवा सर्व्हिसिंगला काढून ठेवली, की बऱ्याच टेपचं सेटिंग पुसलं जातं. मग सबवूफरचा पर्याय बंद होतो, नाहीतर लेव्हल खाली जाते. टेपच्या ऑडिओ मेनूत हे पाहायचं. अँपवर 'लो पास'चं बटण चालू असावं आणि ते साधारण 80 हर्ट्झच्या आसपास ठेवावं. ते चुकून 40 वर गेलं तर गाण्यातला निम्मा ठोका तिथंच अडतो. गेनचा स्क्रू मात्र आवाज वाढवायची कळ नव्हे. टेपमधून येणारा सिग्नल आणि अँप यांचा मेळ घालायला तो असतो. बेस कमी वाटला की तो शेवटपर्यंत पिळायचा, ही आपल्याकडची सवय वूफरच्या कॉइलच्या मुळावर येते. आवाज फाटायला लागतो आणि कॉइल तापून जळते.

जोडणीतली नेहमीची चूक प्लस-मायनसची. दोन वूफर असतील आणि एकाच्या वायरी उलट्या असतील, तर एकाचा पडदा पुढं येताना दुसऱ्याचा मागं जातो. दोघं मिळून एकमेकांचा बेस खाऊन टाकतात. दोन्ही नवे असले तरी आवाज चिटपाखरासारखा. एकच वूफर असेल, तर त्याच्या दोन वायरी अदलाबदल करून ड्रायव्हर सीटवरून ऐकायचं. जिकडं ठोका भरीव येईल तशी जोडणी ठेवायची. अँप बंद करून, वूफरच्या वायरी सोडून, घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलची टोकं क्षणभर वूफरला लावली आणि प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर येतो. यापेक्षा सोपी परीक्षा नाही.

डबल कॉइलच्या वूफरमध्ये आणखी एक घोळ असतो. 4 ओहमच्या दोन कॉइल एकीपुढे एक जोडल्या तर 8 ओहम होतात आणि अँप कमी ताकद देतो. शेजारी-शेजारी जोडल्या तर 2 ओहम. पण अँपवर 2 ओहम चालतं असं लिहिलेलं असेल तरच. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडलेल्या गाड्याही दिसतात.

आता करंटकडे. 500 वॅट खरी ताकद देणारा साधा अँप पूर्ण जोरात बॅटरीकडून 60 अँपिअरच्या घरात करंट ओढू शकतो. वाटेत कुठंतरी सैल नटामुळे फक्त 0.05 ओहमचा अडथळा तयार झाला, तरी 40 अँपिअरला 2 व्होल्ट तिथंच जळतात. ते उष्णता होऊन बाहेर पडतात, म्हणून तो सांधा हाताला गरम लागतो. आपल्याकडे हा सांधा बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो. अँपची काळी वायर डिकीतल्या पत्र्याला रंगावरूनच आवळलेली असते. रंगातून करंट जात नाही. त्यात पाटण, महाबळेश्वरकडचा पावसाळा, माण-खटाव, जतकडचा फुफाटा. दोन-तीन वर्षांत नटाखाली गंज धरतो.

मल्टिमीटर शंभर-दोनशे रुपयांपासून मिळतो. इंजिन चालू करून बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. मग मोठ्या आवाजात बेस वाजवत अँपच्या टोकांवर मोजायचं. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर वायर किंवा सांधा दोषी. कुठला, हे शोधायला एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं अँपच्या अर्थिंगला लावायचं. बेसबरोबर आकडा उड्या मारायला लागला की चोर सापडला. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करून, लग नीट दाबून, नट आवळायचा. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नये.

स्वस्त किटमधली जाड वायर पाहून फसायला होतं. कटरने टोक खरवडलं आणि आतून पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा अडथळा दीडपटीहून जास्त. आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज नसेल, तर बेसचा विचार नंतर करा. बोनेटच्या पत्र्याला घासून वायर उघडी पडली की आग लागायला वेळ लागत नाही. डिकीत सीएनजीचा सिलिंडर असेल तर तिथं ड्रिल मारणं, बॉक्स सिलिंडरच्या व्हॉल्व्हला टेकवणं टाळलंच पाहिजे.

गाळप हंगामात रेठरे, साखराळे, कुंडलच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरवरचा बेस ऐकू येतो. तिथलं दुखणं वेगळं. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर मुळात लाइट, इंडिकेटर आणि बॅटरी चार्जिंगपुरता असतो. त्यावर दोन अँप चढवले की रात्री लाइट मंद होतात आणि सकाळी स्टार्टर फिरत नाही. इथं अँप लहान करणं हाच उपाय. मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही, ही तर दोन ट्रॉल्या ओढणाऱ्यासाठी जिवावरची गोष्ट. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. (आपण ज्याला सरसकट 'डॉल्बी' म्हणतो, ते नाव रे डॉल्बी यांच्या कंपनीचं. तिची सुरुवातीची ओळख टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे झाली!)

बॉक्सही तपासावा. बंद बॉक्सच्या सांध्यांपाशी, वायरीच्या भोकापाशी उदबत्ती धरून बेस वाजवायचा. धूर थरथरला तर हवा गळतेय. ओलीने फुगलेला प्लाय सांध्यात उकलतो, तिथं फेव्हिकॉल किंवा सिलिकॉन भरता येतं.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर वूफर खरंच गेला असेल. गाणं बंद करून पसरलेल्या तळव्याने पडदा अलगद, सरळ आत दाबायचा. खरखर घासल्याचा आवाज आला किंवा जळका वास असेल, तर कॉइल गेली. 4 ओहमची चांगली कॉइल मीटरवर साधारण सव्वातीन ते पावणेचार दाखवते. काहीच दाखवलं नाही तर ती तुटली. चांगल्या वूफरचा पडदा आणि कॉइल बदलून मिळते, आधी ते विचारा. नवाच घ्यायचा तर खोक्यावरच्या 'पीक' वॅटकडे न बघता 'आरएमएस' आकडा बघा आणि जुना वूफर दुकानात सोडून येऊ नका.