‘आम्ही’ आणि ‘आपण’ : द्वितीय भाषाध्यापनातील हावभावांचे कार्य

द्वितीय भाषेच्या अध्यापनात शब्दसंग्रह आणि व्याकरण यांना प्राधान्य मिळते. बोलणाऱ्याच्या हातांकडे मात्र दुर्लक्ष होते. वास्तविक भरताच्या नाट्यशास्त्रात वाचिकाबरोबर आंगिक अभिनयाचाही तपशीलवार विचार आढळतो. डेव्हिड मॅक्नील यांनी १९९२ मध्ये ‘हँड अँड माइंड’ या ग्रंथात हावभाव आणि वाणी ही एकाच विचारप्रक्रियेची दोन अंगे होत, अशी मांडणी केली.

रत्नागिरीच्या संदर्भात या मांडणीचे महत्त्व विशेष जाणवते. आंब्याच्या बागांची राखण आणि मासेमारी नौकांवरील काम यांसाठी येथे नेपाळी कामगार येतात. त्यांपैकी कुटुंबासह राहणाऱ्यांच्या मुलांना मराठी ही शाळेची भाषा म्हणून आत्मसात करावी लागते. नेपाळीची लिपी देवनागरीच असली, तरी अर्थव्यवस्था भिन्न आहे.

मराठीत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. नेपाळीतील ‘हामी’ हे सर्वनाम, हिंदीतील ‘हम’प्रमाणे, दोन्ही अर्थांनी येते. हा भेद व्याख्येने समजावणे कठीण. परंतु ‘आम्ही’ म्हणताना हात स्वतःकडे व स्वतःच्या गटाकडेच राहिला आणि ‘आपण’ म्हणताना तो श्रोत्यालाही कवेत घेऊन फिरला, की अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. आदरार्थी ‘आपण बसावे’ यातील ‘आपण’ केवळ श्रोत्याकडे वळलेल्या तळव्याने वेगळे दाखविता येते.

विद्यार्थ्याचे हावभावही तितकेच बोलके असतात. ‘आम्ही खेळू या’ म्हणताना मुलाचा हात सर्वांना सामावून घेत असेल, तर त्याची संकल्पना स्पष्ट आहे, उणीव केवळ शब्दाची आहे. शिक्षकाने हात न पाहता शब्दच ऐकला, तर हे मूल इतरांना वगळते आहे असा गैरसमज संभवतो.

अर्थात या साधनाला मर्यादा आहेत. जेम्स अॅशर यांनी १९६९ मध्ये मांडलेली आज्ञा व कृतीवर आधारित पद्धती ‘ऊठ’, ‘बस’ यांसारख्या क्रियापदांना उपयुक्त ठरते. पण ‘तो डोंगर’, ‘ती नदी’, ‘ते झाड’ यांतील व्याकरणिक लिंग कोणत्याही हावभावाने दाखविता येत नाही. ते वापराच्या सरावानेच रुजते. शिवाय हातावर विसंबलेले आकलन हे भाषेचे आकलन असतेच असे नाही. म्हणून अर्थ रुजताच हावभाव क्रमाने कमी करून, केवळ ऐकून तोच भेद ओळखता येतो का, हे पडताळणे आवश्यक ठरते.