बिट, बाइट आणि अक्षर : संगणकीय परिभाषेतील काही मूलसंज्ञा

भाषेच्या अभ्यासकास संगणकाची परिभाषा ठाऊक असण्याचे कारण काय, असा प्रश्न काही वर्षांपूर्वीपर्यंत विचारता आला असता. आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी शब्दांची वारंवारता यंत्राकडून मोजून घेतो व आलेली संख्या प्रबंधात निःशंकपणे उतरवितो. यंत्राने नेमके काय मोजले, हे मात्र त्यास बहुधा सांगता येत नाही. गेल्या सत्रात दोन विद्यार्थ्यांनी एकाच लेखसंग्रहात 'दुसऱ्या' हा एकच शब्द शोधला आणि दोघांची उत्तरे निरनिराळी आली. त्या घोटाळ्याचा उलगडा होण्यासाठी आधी काही मूलसंज्ञा पाहणे अवश्य आहे.

पहिली संज्ञा बिट. द्विमान पद्धतीत शून्य व एक असे दोनच अंक असतात. त्यांतील एक अंक म्हणजे एक बिट. 'बायनरी डिजिट' या इंग्रजी पदाचा हा संकोच होय. क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाच्या गणिती उपपत्तीवर १९४८ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी हा शब्द योजिला व तो सुचविल्याचे श्रेय जॉन टुकी या संख्याशास्त्रज्ञास दिले. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शॅनन ज्यास 'इन्फर्मेशन' म्हणतात ती आपल्या व्यवहारातील 'माहिती' नव्हे. संदेशाच्या अर्थाचा अभियांत्रिकी प्रश्नाशी संबंध नाही, हे त्यांनी निबंधाच्या आरंभीच सांगून टाकले आहे. समान संभवाच्या दोन पर्यायांपैकी एकाची निवड झाली की एक बिट माहिती मिळते. मग ती निवड कोणाच्या जन्ममरणाची असो वा नाणेफेकीची. अर्थविचारावरील लेखनात हे माप कोणी जसेच्या तसे उचलले, तर मला ते धोक्याचे वाटते.

'बाइट' हा शब्द १९५६ साली आयबीएमच्या 'स्ट्रेच' या यंत्राची आखणी चालू असता व्हेर्नर बुखहोल्त्स यांनी घडविला. त्याचे मूळ 'घास' या अर्थाच्या इंग्रजी शब्दात आहे; परंतु त्याचे वर्णलेखन त्यांनी हेतुपुरस्सर बदलले. तसे न केले तर अनवधानाने शेवटचा वर्ण गळताच 'बिट' उरेल, ही त्यांची भीती होती. लेखनप्रमादाचा असा आगाऊ विचार शब्द घडविणारे क्वचितच करतात. प्रारंभी बाइटात किती बिट असावेत हे निश्चित नव्हते. १९६४ साली जाहीर झालेल्या 'सिस्टिम/३६०' या यंत्रमालेपासून आठ बिटांचा बाइट रूढ होत गेला. त्या अनिश्चिततेमुळेच संदेशवहनाच्या मानकांत 'ऑक्टेट', म्हणजे अष्टक, ही निःसंदिग्ध संज्ञा पसंत केली गेली. व्यवहारात साठवण बाइटांत आणि वहनाचा वेग बिटांत सांगण्याचा प्रघात आहे. सेकंदास १०० मेगाबिट वेगाची जोडणी घेणाऱ्यास सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट मिळतात, आणि आपली फसवणूक झाली असे त्यास उगाच वाटते. 'किलो' म्हणजे १००० की १०२४, हा तंटा मिटविण्यासाठी १९९८ साली 'किबी' हा उपसर्ग मान्य झाला. बोलण्यात तो फारसा रुजलेला नाही.

बॉड या मापाचे नाव एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्र-अभियंत्यावरून पडले. सेकंदाला किती संकेत तारेवर जातात, याचे ते माप आहे; सेकंदाला किती बिट जातात याचे नव्हे. एकेका संकेतावर चार बिट लादता आले, तर ६०० बॉडच्या वाहिनीतून सेकंदास २४०० बिट जातात. वक्ता सेकंदास किती अक्षरे उच्चारतो आणि किती वर्ण उच्चारतो, हे दोन प्रश्न जसे वेगळे, तसेच हे.

'पॅकेट' या संज्ञेची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष मनोरंजक आहे. लांब संदेशाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पाठवावा, ही कल्पना पॉल बॅरन यांनी अमेरिकेत मांडली होती. त्या तुकड्यास ते 'संदेशखंड' अशा अर्थाचे नाव देत. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस हे १९६५ च्या सुमारास स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोहोचले. नाव निश्चित करण्यापूर्वी त्यांनी प्रयोगशाळेतील भाषाविदांना विचारले, की या शब्दाचे सजातीय शब्द अन्य भाषांत आहेत काय? मराठीचा विचार त्यांच्या मनात असण्याचे कारण नाही. पण आपल्याकडे 'पाकीट' केव्हाच घरचे झालेले आहे. शिवाय बाहेर पत्ता आणि आत मजकूर, ही पॅकेटची रचना टपालाच्या पाकिटाशी तंतोतंत जुळते. 'पुडके', 'संपुट' असे प्रतिशब्द कोणी सुचवील. मला त्यांची गरज दिसत नाही.

खरी अडचण 'कॅरेक्टर' या संज्ञेने केली आहे. तिचे भाषांतर 'अक्षर' असे केले जाते, आणि तेथेच घात होतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या वर्णांना, स्वरचिन्हांना व हलन्तचिन्हाला स्वतंत्र संकेतांक दिलेले आहेत. 'क्षत्रिय' या शब्दात आपल्या मते अक्षरे तीन. यंत्राच्या लेखी संकेतांक आठ. आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेत असल्याने बाइट चोवीस. भ्रमणध्वनीवरील एका लघुसंदेशास १४० अष्टके असतात. त्यांत सात-सात बिटांचे १६० रोमन वर्ण मावतात, तर सोळा-सोळा बिटांचे देवनागरी संकेतांक केवळ ७०. एकट्या 'क्षत्रिया'ने त्यांतील आठ खाल्ले.

आता 'दुसऱ्या'. यातील अर्धा र, म्हणजे 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद दाखविणारा, युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : 'ऱ' या स्वतंत्र संकेतांकास हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यास दोन्ही रूपे सारखीच दिसतात. पण एकात सात संकेतांक आहेत, दुसऱ्यात आठ, आणि काटेकोर शोध घेणारे यंत्र त्यांना दोन भिन्न शब्द समजते. एका विद्यार्थ्याने शोधशब्द कळफलकावरून टंकित केला होता, दुसऱ्याने तो एका लेखातून उचलला होता. सर्व लेखांतील रूपे एकसारखी करून शोध पुन्हा घेतला, तेव्हा मिळालेली संख्या त्या दोघांच्या संख्यांच्या बेरजेइतकी भरली.