त्यांना ऊन हवं, आपल्याला सावली!

एप्रिलच्या भर दुपारी तळेऱ्यात कधी एसटीची वाट बघितलीय? गगनबावड्याचा घाट उतरून आलेले, विजयदुर्गकडे निघालेले, कणकवलीला जाणारे असे सगळे इथे एकत्र येतात. महामार्ग चौपदरी झाला, प्रवास झटपट झाला. पण जिल्ह्यातल्या रस्त्याकडेची जुनी, मोठाली झाडं त्यात गेली. सावली काही झटपट परत येत नाही.

आता नवी झाडं लावायची, पण कुठली? उत्तर शोधायला थेट बर्फात जाऊ या.

कॅनडातल्या एडमंटनमध्ये हिवाळ्यात पारा उणे २० च्याही खाली घसरतो. उन्हाळ्यापुरत्या बागा करायच्या आणि पुढे कित्येक महिने त्या ओस टाकायच्या, हे त्या शहराला पटेना. २०१२ साली तिथल्या महापालिकेने खास हिवाळ्याचं धोरण मंजूर केलं, २०१६ साली सार्वजनिक जागांसाठी मार्गदर्शिका काढली. सूत्रं साधी आहेत: बोचरा वारा अडवा, ऊन येऊ द्या, रंग आणि दिवे वापरा. थंड शहरांत झाडंही याच हिशेबाने लावतात. वाऱ्याच्या बाजूला सदाहरित सूचिपर्णी, दक्षिणेला पानगळीची. हिवाळ्यात पानं गळली की बाकांवर छान ऊन पडतं.

थोडक्यात, सगळ्यात कठीण ऋतू कुठला ते आधी बघा, मग झाड निवडा.

आपला कठीण ऋतू कुठला? मार्च ते मेची काहिली आणि त्यानंतरचा तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. म्हणजे त्यांचं गणित इथे उलटं. साग ऐन उन्हाळ्यात उघडाबोडका. गुलमोहर फोटोला झकास, पण वादळात फांद्या पटकन मोडतात. त्यापेक्षा बकुळ, सुरंगी, जांभूळ, वड बरे. उन्हाळ्यातही सावली धरतात. आणखी नावं हवीत? जवळच्या एखाद्या देवराईत चक्कर मारा. शेकडो पावसाळे कोण टिकलंय, ते तिथे दिसेल.

दुसरा धडा स्टॉकहोमचा. रस्त्याकडेची माती दाबून दगडासारखी झाली की मुळं गुदमरतात. म्हणून तिथे फूटपाथखाली मोठ्या खडीचा थर देतात आणि खडीच्या फटींत माती भरतात. वरचं वजन खडी पेलते, मुळांना हवा-पाणी मिळतं. आपण मात्र रोलर फिरवलेल्या मुरुमात हातभर खड्डा खणतो, रोप खोचतो आणि सेल्फी काढतो!

जूनमध्ये रोप लावणं सोपं असतं, पाऊसच पाणी घालतो. खरी परीक्षा फेब्रुवारीनंतर. तुमच्या एनएसएसच्या गटाने यंदा शंभराऐवजी दहाच झाडं घ्यावीत. खड्डा मोठा खणा, माती मोकळी ठेवा, बुंध्याशी पालापाचोळा पसरा, गुरांपासून वाचवायला कुंपण घाला. पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्याची पाळी आजच ठरवा. तुम्ही पास होऊन बाहेर पडाल, तेव्हा पुढच्या बॅचकडे ती यादी द्या.


दहा जगली तरी दहा जागी सावली होईल. एसटीची वाट बघणाऱ्याला तेवढीही पुष्कळ आहे.